कानात शिट्टी वाजत असताना कुठल्या कुशीवर झोपावं आणि उशी कशी असावी

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्याकडून काही वेगळं समजलं गेलं असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्ही इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे, आहात, वय ५१, आणि नोकरीचा सगळा काळ मागांच्या खडखडाटात गेला. दीड वर्षापासून उजव्या कानात बारीक शिट्टी वाजते, डाव्यात क्वचितच. दिवसा कामात ती जाणवत नाही, पण पाठ टेकली की सुरू होते. घरच्यांनी आणि मित्रांनी सांगितलं, की त्रासाच्या कानावर दाब देऊ नका. म्हणून तुम्ही डाव्या कुशीवर झोपता, आणि नेमकी तेव्हाच शिट्टी वाढते. शेवटी तुम्ही विचारलंय की कूस कोणती बरी, उशी कशी हवी, डोकं उंच ठेवावं का आणि टिनिटससाठी (कानात वाजणाऱ्या अशा आवाजाचं हे वैद्यकीय नाव) म्हणून विकली जाणारी, मध्ये भोक असलेली साडेचार हजारांची उशी घ्यावी का.

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. कानात रातकिडे ओरडतात, कुकर वाजतो, पंप चालू राहिल्यासारखा घुमतो अशा तक्रारी घेऊन येणारी माणसं मी वर्षानुवर्षं तपासते आहे, आणि झोपेचा प्रश्न त्यातल्या बहुतेकांना असतो. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकत्र आलेत. कानातला आवाज कशाने होतो हा एक, आणि त्या आवाजाने झोप कशी मोडते हा दुसरा. उशी आणि कूस यांचा पहिल्याशी संबंध थोडा, दुसऱ्याशी पुष्कळ. कुठलीही उशी ही शिट्टी बंद करणार नाही. पण तुम्हाला झोप लागायला जो दीड-दोन तास जातो, तो नीट झोपण्याच्या पद्धतीने बऱ्यापैकी कमी होऊ शकतो.

उशीकडे वळण्याआधी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मागांच्या आवाजाने होणारं नुकसान साधारण दोन्ही कानांना सारखंच होतं, कारण खोलीत आवाज चारी बाजूंनी असतो. तुमची शिट्टी मुख्यतः एकाच कानात आहे. याचा अर्थ काही गंभीर आहे असा नव्हे, बहुतेकदा तसं नसतंच. पण एका बाजूचा आवाज कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवून ऑडिओग्राम (कोणत्या पट्टीचे आवाज किती ऐकू येतात याचा आलेख) काढायचा असतो, आणि दोन कानांत ठळक फरक दिसला तर श्रवणाच्या मज्जातंतूवर गाठ नाही ना हे बघायला एमआरआय करायला सांगतात. अजून तपासणी झाली नसेल तर उशीच्या आधी ती करा. सरकारी रुग्णालयाच्या कान विभागात ती कमी खर्चात होते. मुंबईला जाणं होत असेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे.

आणखी दोन गोष्टी स्वतः बघून ठेवा. रात्री आवाज येत असताना मनगटावरची नाडी धरा. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक करत असेल तर तो वेगळा प्रकार आहे. तो रक्तवाहिन्यांतून येतो, कधी रक्तक्षय किंवा थायरॉइडमुळे वाढतो, कधी मानेतल्या किंवा कवटीतल्या शिरेशी त्याचा संबंध असतो, आणि त्याची तपासणीही निराळी असते. दुसरं म्हणजे एखाद्या सकाळी अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर 'मळ साचला असेल' म्हणून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावरचे स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.

आता डाव्या कुशीवर शिट्टी का वाढते ते बघू.

मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या, शंखासारख्या भागातल्या नाजूक पेशी मरतात. बहुधा सुरुवात ४००० हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे बारीक आवाजांच्या पट्टीत होते. त्या पट्टीतून मेंदूला मिळणारा संदेश क्षीण होतो, म्हणून मेंदू त्या जागी स्वतःची संवेदनशीलता वाढवतो. लांबचं स्टेशन नीट लागत नसलं की आपण रेडिओचा आवाज वाढवतो आणि त्याबरोबर खरखरही वाढते, तसंच हे. ही खरखर म्हणजे तुमची शिट्टी. बाहेरचे आवाज कानावर पडत असतात तोवर ती त्यांत मिसळून जाते, ते थांबले की एकटी उरते.

तुम्ही डाव्या कुशीवर पडता तेव्हा चांगला ऐकणारा कान उशीत बंद होतो. खोलीतला पंखा, बाहेरची रिक्षा, कुत्र्यांचं भुंकणं, हे सगळं पोचवणारी वाट बुजली. वर उघडा राहतो उजवा कान, आणि त्याला मुळातच बारीक आवाज कमी ऐकू येतात असा माझा अंदाज आहे. ऑडिओग्रामवर तो खरा-खोटा कळेल. थोडक्यात, तुम्ही स्वतःला बाहेरच्या आवाजापासून तोडून शिट्टीबरोबर एकटं ठेवता. त्यात भर म्हणजे कान बंद झाला की शरीराचे आतले आवाज मोठे होतात. आत्ता बसल्या बसल्या एका कानात बोट घालून तोंड मिटून 'ऊं' म्हणून बघा, आवाज त्याच कानात घुमेल. उशीत दबलेल्या कानात श्वास, नाडी, दातांची घासाघीस हे सगळं तसंच घुमतं.

म्हणून तुमच्या बाबतीत माझा सल्ला लोकांनी दिलेल्या सल्ल्याच्या उलट आहे. उजव्या कुशीवर झोपून बघा. त्रासाचा कान खाली, चांगला कान वर आणि उघडा. दाब पडून उजवा कान बिघडेल ही भीती मनातून काढा. शिट्टी ज्या भागाशी निगडित आहे तो कवटीच्या अतिशय कठीण हाडाच्या आत बसलेला असतो, आणि बाहेरची पाळी उशीवर दबल्याने त्याला काही होत नाही. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा पाळीवर दुखरी गाठ असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारूनच कूस ठरवायची.

हा सल्ला सगळ्यांना लागू नाही. दोन्ही कान सारखे असतील तर कुशीने फारसा फरक पडत नाही. तेव्हा उताणं झोपणं बरं, दोन्ही कान उघडे राहतात. पण घोरणाऱ्या माणसाला मी उताणं झोपायला सांगत नाही, कारण श्वास अडकणं त्याने वाढतं आणि झोप तुकड्या-तुकड्यांची झाली की दुसऱ्या दिवशी शिट्टी सहन होत नाही. आम्लपित्ताचा त्रास असेल तर रात्री डावी कूस पोटाला मानवते, उजव्या कुशीवर जळजळ वाढू शकते. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि आखडलेल्या खांद्यावर कोणी झोपूच शकत नाही. तुमचा उजवा खांदा कसा आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. जॉबरचं काम वाकून, उजव्या हाताने नट-बोल्टचे पाने फिरवत करायचं, म्हणून हे मुद्दाम विचारते आहे. खांदा दुखत असेल तर उताणं झोपा आणि गुडघ्यांखाली एक लोड घ्या. पालथं झोपणं मात्र कुणालाच सुचवत नाही. त्यात मान तासन्‌तास एका बाजूला पिळलेली राहते आणि जबडा दाबला जातो.

मान आणि जबडा यांचा इथे काय संबंध, हे थोडं सविस्तर सांगते, कारण उशीवर किती पैसे घालायचे ते यावरच ठरतं. कानाकडून येणारी नस मेंदूच्या बुंध्याशी ज्या पहिल्या ठिकाणी पोचते, तिथेच मानेच्या वरच्या भागातून आणि जबड्यातून येणारे संदेशही पोचतात. म्हणून पुष्कळ लोकांची शिट्टी मान वळवली, दात घट्ट आवळले, कपाळ हाताने रेटलं की बदलते, कधी वाढते तर कधी तिची पट्टीच सरकते. सुट्टीच्या दिवशी, शेजारचे माग बंद असताना, एका शांत खोलीत बसून हे करून बघा. मान डावीकडे-उजवीकडे सावकाश वळवा, हनुवटी छातीला लावा, कपाळावर तळवा ठेवून डोकं पुढे रेटा, मग दात आवळा. प्रत्येक वेळी पाच-सहा सेकंद थांबा. आवाज स्पष्टपणे बदलला तर तुमच्या त्रासात मानेचा किंवा जबड्याचा वाटा आहे. मग उशीची उंची खरोखर महत्त्वाची ठरते, आणि फिजिओथेरपिस्टकडे गेल्याचा उपयोग होऊ शकतो. सकाळी उठल्यावर जबडा आंबलेला असेल किंवा रात्री दात खाता असं घरचे सांगत असतील तर दंतवैद्यालाही दाखवा. आवाज काहीच बदलला नाही तर मानेसाठी खास उशी शोधत बसू नका, आरामाची कोणतीही चालेल.

उशीची उंची ठरवायची सोपी रीत अशी. भिंतीला खांदा टेकवून, मान सरळ ठेवून उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी भिंतीपासून कानापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. कुशीवर झोपताना डोक्याच्या वजनाने दबल्यानंतर उशीची उंची साधारण एवढी राहायला हवी. बहुतेक मोठ्या माणसांत हे १० ते १५ सेंटीमीटरच्या दरम्यान येतं. गादी कापसाची, घट्ट असेल तर मोजलेलं अंतर तसंच धरा. फोमच्या मऊ गादीत खांदा रुततो, तेव्हा उशी थोडी बुटकी हवी. उताण्या माणसाला याहून कमी उंची पुरते. मागून कुणी मोबाइलवर फोटो काढला तर मणका आणि डोकं एका रेषेत आहे का ते लगेच दिसतं. डोकं गादीकडे झुकलेलं असेल तर उशी बुटकी, छताकडे उचललेलं असेल तर उंच.

उंची कमी पडली तर नवी उशी आणण्याआधी आहे त्या उशीखाली टॉवेलच्या घड्या घालून बघा. एक एक घडी वाढवत जा, दोन-तीन रात्री एकाच उंचीवर काढा. जुन्या कापसाच्या उशीत गोळे झालेले असतात, डोकं खळग्यात जातं आणि कान दोन्ही बाजूंनी वेढला जातो. अशी उशी पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या किंवा बदला. सावरीच्या कापसाची उशी मऊ आणि थंड असते, पण फार दबते. कुशीवर झोपणाऱ्याला तिच्याखाली काहीतरी घट्ट लागतं. मेमरी फोम उंची टिकवतो, पण आपल्याकडच्या उकाड्यात गरम होतो आणि कानाभोवती साचा धरून कान पुरता बंद करतो. टिनिटसच्या माणसाला ही गोष्ट सहसा मानवत नाही. लॅटेक्स त्या मानाने कमी वेढतो. शेवटी कुठला प्रकार घ्यावा हे तुमची गादी, उकाडा आणि खिसा यांवर ठरेल.

आणि ती साडेचार हजारांची उशी. मी ती घेऊ नका म्हणेन. मध्ये भोक असलेली उशी कानाच्या पाळीवरचा दाब नक्की कमी करते, आणि ज्यांची पाळी दुखते त्यांना तिचा फायदा होतो. पण भोकात गेलेला कानही बऱ्यापैकी झाकलेलाच राहतो, खोलीतला आवाज त्याला थोडाच मिळतो. दाबच कमी करायचा असेल तर प्रवासात गळ्याभोवती घालायची इंग्रजी यू आकाराची उशी नेहमीच्या उशीवर ठेवून तिच्या खळग्यात कान येईल असं झोपून बघा. जमलं तर ठीक, नाही जमलं तर ती एसटीत कामाला येईल. चुंबक, दगड, तांब्याची तार घातलेल्या उश्यांवर तर एक रुपयाही घालवू नका.

इथवरचं एकत्र सांगायचं तर असं. चांगला कान वर, मान सरळ, कान उशीत बुडू द्यायचा नाही, आणि मानेच्या चाचणीत आवाज बदलला तरच उशीवर जास्त कष्ट घ्यायचे.

पण वर ठेवलेल्या कानाला ऐकायला काही नसेल तर कूस बदलून फारसं साधत नाही. म्हणून उशीइतकंच खोलीतल्या आवाजाकडे लक्ष द्या. माझ्याकडे डिसेंबर-जानेवारीत 'यंदा आवाज एकदम वाढला' म्हणत येणाऱ्यांना मी आधी पंख्याबद्दल विचारते. थंडी पडली म्हणून पंखा बंद केलेला असतो, आणि इतके महिने शिट्टीला झाकणारा तोच आवाज निघून गेलेला असतो. घरच्यांना वारा नको असेल तर टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून लावा, आवाज येतो आणि वारा लागत नाही. पावसाचा, समुद्राचा, झऱ्याचा आवाज मोबाइलवर किंवा छोट्या स्पीकरवर लावता येतो. तुमच्यासारख्या बारीक शिट्टीला पावसाचा सरसर आवाज अनेकदा पंख्याच्या घुमण्यापेक्षा जास्त जुळतो. पण हे माणसामाणसाला वेगळं असतं, आणि ज्याने कंटाळा येईल पण चीड येणार नाही तो आवाज निवडावा. गाणी किंवा बातम्या नकोत, त्या मन जागं ठेवतात.

आवाज किती मोठा ठेवावा? शिट्टी पूर्ण बुडेल इतका नको. दोन्ही ऐकू येतील, पण शिट्टीची धार बोथट वाटेल इतकाच. मेंदूला शिट्टीची सवय व्हायला ती थोडी ऐकू यावी लागते, ती पूर्णच दडपली तर सवय होत नाही, असं मानलं जातं. हा आवाज रात्रभर चालू ठेवा. तासाभराने आपोआप बंद होणारा असेल तर पहाटे जाग आल्यावर खोली सुन्न असते, आणि तुम्ही पुन्हा त्याच जागी येता. स्पीकर डोक्याच्या बाजूला, तुमच्या डाव्या कानाला ऐकू येईल असा ठेवा. चार्जिंगला लावलेला मोबाइल उशीखाली ठेवू नका, तो तापतो.

कानात इअरफोन घालून रात्र काढू नका. त्याने मळ आत ढकलला जातो, आणि पावसाळ्यात ओलसर कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही. बुरशी झाली की कान भरल्यासारखा होतो, खाजतो आणि आवाज आणखी वाढतो. त्याच कारणासाठी कोमट तेल किंवा लसणाचं तेल कानात घालू नका. शांतता मिळावी म्हणून रात्री कानात बोळे घालणं तर शिट्टीला मोकळं रान देण्यासारखं आहे.

डोकं उंच ठेवावं का, असंही तुम्ही विचारलंत. ज्यांचा आवाज घुमणारा किंवा धडधडणारा आहे, कान भरल्यासारखा वाटतो, चक्कर येते किंवा पित्त वर येतं, त्यांना याचा उपयोग होऊ शकतो, कारण आडवं पडल्यावर डोक्याकडच्या शिरांतला दाब वाढतो. तुमच्या बारीक शिट्टीला त्याने फार फरक पडेल असं मला वाटत नाही. करून बघायचंच असेल तर दोन उश्या एकावर एक ठेवू नका, त्याने हनुवटी छातीवर येऊन मान आखडते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ सेंटीमीटरचे पक्के लाकडी ठोकळे द्या. जमिनीवर गादी घालत असाल तर कमरेपासून वर गादीखाली गोधड्यांचा उतार करा.

हे सगळं एकाच रात्री बदलू नका. आधी फक्त कूस, आठवडाभर. मग आवाज. मग लागलीच तर उशीची उंची. सकाळी उठल्यावर वहीत एकच गोष्ट लिहा, झोप लागायला अंदाजे किती वेळ गेला. शिट्टी किती मोठी होती हे मोजत बसू नका, रोज तिच्याकडे कान लावणाऱ्या माणसाला ती जास्त ऐकू येते. आणि झोपेत माणूस कित्येकदा कूस बदलतो, म्हणून सकाळी डाव्या कुशीवर जाग आली तर काही चुकलं असं समजू नका. कुशीचा उपयोग झोप लागताना आणि मधे जाग आल्यावर, एवढाच. वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर तळमळत पडण्यापेक्षा उठून मंद दिव्यात बसा, पेंग आली की परत या.

तुम्ही अजून मागांवर काम करता, म्हणून सगळ्यात कळकळीने हे सांगते. यंत्रमागाच्या शेडमधला आवाज सर्रास ९० डेसिबलच्या वर असतो. कामाची पाळी सुटल्यावर कान काही तास बधिर राहतात आणि त्या तासांत शिट्टी चढते, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. कापसाचा बोळा या आवाजाला जवळजवळ अडवतच नाही. दाबून घालायचे फोमचे इअरप्लग किंवा कानावरून घ्यायचे मफ वापरा, आणि पाळीभर वापरा, तासभर काढून ठेवले तर फायदा बराच जातो. रात्रपाळीनंतर थेट अंथरुणावर न जाता थोडा वेळ घरातल्या हलक्या आवाजात, गप्पांत काढा (चहा मात्र घेऊ नका, झोप उडते). उरलेल्या पेशी वाचवणं कुठल्याही उशीपेक्षा जास्त मोलाचं आहे.

औषधांबद्दल दोनच वाक्यं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शनात गिंको, मेलाटोनिन, झिंक यांच्या गोळ्या टिनिटससाठी देऊ नयेत असं म्हटलंय; ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा विचार करा आणि त्रास टिकून असेल तर सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत वापरा, असं सुचवलंय. झोपेची गोळी स्वतःहून सुरू करू नका, आणि तुमची एखादी गोळी शिट्टी वाढवते असा संशय आला तर तीही स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारा.

ऑडिओग्राम झाला की दोन्ही कानांचे १०००, ४००० आणि ८००० हर्ट्झवरचे आकडे मला कळवा, आणि उजवा खांदा दुखतो का, मान वळवल्यावर आवाज बदलला का, हेही. उजवा कान खरोखर डाव्यापेक्षा कमी ऐकत असेल तर वरचं सगळं तसंच ठेवायचं. दोन्ही सारखेच निघाले तर कुशीबद्दल मी दिलेलं कारण तुम्हाला लागू नाही, आणि मग मानेच्या बाजूने पुन्हा बघावं लागेल.